लाकडांच्या बाजूचा कॅलिपर

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर विल्होने लायल ट्रेंबथला फोन केला. "शनिवारी दोन वाजता ट्रक घेऊन ये आणि हत्यारांची पेटी घेऊन जा," तो म्हणाला. "मला आता तिचा उपयोग नाही." मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. मी ऐकलं हे त्याला कळू नये म्हणून नळ तसाच वाहू दिला.

विल्हो माझा नवरा. गावच्या स्कूलबसच्या गॅरेजमध्ये त्याने छत्तीस वर्षं काढली आणि लायल त्याच्याच हाताखाली तयार झाला. पेटी माझ्या खांद्याइतकी उंच आहे, लाल रंगाची, अकरा खणांची, खाली चाकं असलेली. निवृत्त झाला त्या दिवशी बसच्या गॅरेजमधून ती त्याने आमच्या घरच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली आणि तेव्हापासून आख्ख्या आळीच्या गाड्या तिथे दुरुस्त होऊ लागल्या.

दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबरात, त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं दोन महिन्यांत पूर्ण परत आलं. उजवा हात मिटत नाही आणि उजवा पाय थोडा ओढत चालावं लागतं. आणखी एक गोष्ट परत आली नाही, ती म्हणजे डावं-उजवं. डावं म्हणायचं असताना तो उजवं म्हणतो, डाव्या हाताची वस्तू उजवीकडे ठेवतो, आणि हे आपल्याकडून झालं हे त्याला कळत नाही, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला तीन पायऱ्या आहेत. झटका आल्यापासून तो त्या एकदाही उतरला नव्हता. आदल्या आठवड्यात मागच्या दाराची कडी बसवायला घेतली ती उलटी बसली आणि स्क्रूने लाकूड फाटलं. तो बराच वेळ पेचकस मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. मग रविवारी फोन.

मी वाद घातला नाही. आमच्या घरात वाद होत नाहीत, दोघंही गप्प होतो, एवढंच. पण मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पेटी गेली की त्या तीन पायऱ्या उतरायला त्याच्याकडे काही कारण उरणार नव्हतं. आणि विल्हो कारणाशिवाय कुठेही जाणारा माणूस नाही.

सोमवारी वाचनालयातून घरी आले तर गाडीच्या मागच्या बाजूने जळका वास येत होता. शाळेतून निवृत्त होताना मला सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतला एक तापमापक भेट दिला होता, दुरून रोखला की पृष्ठभागाचं तापमान सांगणारा. तो मी आणला. मागचं उजवं चाक एकशे एकोणचाळीस अंश सेल्सिअस. मागचं डावं सत्तावन्न. एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने आलेली दोन चाकं.

रात्री जेवताना मी आकडे सांगितले.

"मागचा कॅलिपर जाम झालाय," विल्हो ताटातून मान वर न करता म्हणाला. "ब्रेक सुटत नाहीये. लायलला सांग."

"लायलला या आठवड्यात वेळ नाही. मीच काढते."

लायलला मी विचारलंच नव्हतं.

"तू."

"मी."

"बाई, तुम्हाला बल्ब बदलताना शिडी धरायला माणूस लागतो."

मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. गावातले निम्मे लोक माझ्या वर्गात बसलेले आहेत आणि ते मला बाई म्हणतात. विल्हो म्हणतो तो चिडवायला.

"ती शिडी डुगडुगते," मी म्हटलं. "तूच बनवलीस."

तो हसला नाही, पण ताट बाजूला सारून म्हणाला, "एक बदलला की दोन्ही बदलायचे. दोन मागव."

गुरुवारी दुकानातून नव्या कॅलिपरांचे पुठ्ठ्याचे दोन डबे आले. शुक्रवारी सकाळी मी गाडी आत घेतली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि उजवं चाक काढलं. मे महिना होता, तरी गॅरेजच्या उत्तरेला छपरावरून घसरलेल्या बर्फाचा ढीग अजून गुडघाभर शिल्लक होता. आमच्या रस्त्यांवर पाच महिने मीठ पडतं. सत्तावीस वर्षांच्या गाडीच्या पोटाखाली ते काय करतं हे मला रसायनशास्त्र म्हणून माहीत होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा मुठीएवढा ओतीव लोखंडाचा भाग. तो गंजाने वडीसारखा फुगला होता. दोन बोल्ट काढले की सुटतो, असं पुस्तकात होतं.

मी पाना लावला आणि जोर दिला. तो कर्रकन घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. विल्हो पहिल्या पायरीवर उभा होता, डाव्या हाताने कठडा धरून.

"बारा कोनांचा लावलायस," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"आवाजावरून. अजून एकदा घसरला की बोल्ट गोटी होईल. सहा कोनांचा घे. चौथा खण."

चौथा खण उघडला. सॉकेट आकाराप्रमाणे ओळीने उभे होते, हिरव्या लोकरी कापडात त्यांच्या गोल खुणा पडल्या होत्या. मी सहा कोनांचा उचलून लावला. तोपर्यंत उशीर झाला होता. बोल्टाचे कोपरे गेले होते आणि सॉकेट त्याच्यावर नुसताच फिरत होता.

"फिरतोय," मी म्हटलं.

मग पायऱ्यांवर त्याच्या पायाचा आवाज आला, एक टेकलेला, एक ओढलेला. तीनदा. मी मागे वळून पाहिलं नाही. मी बोल्टकडेच पाहत राहिले.

"खुर्ची," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून चाकाशेजारी ठेवली. तो बसला, पुढे वाकला आणि बोल्टकडे असा पाहू लागला जसा डॉक्टर घसा पाहतो.

"एक आकार लहान घे आणि हातोडीने ठोकून बसव. ठोकलंस की तो आपले नवे कोपरे करून घेतो."

मी ठोकून बसवला. रॅचेटच्या दांड्याला त्याने सांगितलेला पाईप चढवला, म्हणजे दांडा चौपट लांब झाला. जोर दिला. काहीच हललं नाही.

"बळ गुणिले अंतर," विल्हो म्हणाला. "आम्हाला बाईंनी नववीत शिकवलं होतं."

"तू माझ्या वर्गात कधी नव्हतास."

"गावात ऐकू यायचं."

मग त्याने गॅसची मशाल मागितली आणि मेणबत्ती. "बोल्ट तापव. लाल नको, नुसता तापव. मग मेणबत्ती त्याच्या मुळाशी टेकव. मेण आत ओढलं जातं."

घरात मेणबत्ती एकच होती, नाताळची, दालचिनीच्या वासाची. मी बोल्ट तापवला आणि मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांमध्ये खरंच नाहीसं होऊ लागलं, खाली थेंबही न पडता. मी किती वेळा वर्गात काचेच्या बारीक नळीत रंगीत पाणी चढवून दाखवलं होतं. केशाकर्षण. इथे तेच गंजाच्या भेगांतून चाललं होतं आणि सगळ्या गॅरेजला दालचिनीचा वास सुटला होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मुलांना दाखवलं असतं."

"तू विचारलं नाहीस. थंड होऊ दे. घाई करू नको."

थंड होईपर्यंत तो कॅलिपरच्या मागच्या बाजूला पाहत होता. तिथे हॅण्डब्रेकची लोखंडी केबल एका छोट्या दांडीला येऊन मिळते.

"दोन हिवाळे गाडी कोणी चालवली?"

"मी."

"हॅण्डब्रेक किती वेळा ओढलास?"

"एकदाही नाही. हिवाळ्यात कोण ओढतं?"

आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल हॅण्डब्रेकला कोणी हात लावत नाही. केबलीत पाणी शिरतं, रात्री गोठतं, आणि सकाळी चाकं फिरत नाहीत. गाडी चालवायला शिकवताना वडिलांनी मला क्लचच्याही आधी हे सांगितलं होतं. मी आमच्या मुलीला सांगितलं.

"दुसऱ्या गाड्यांचं ठीक आहे," विल्हो म्हणाला. "हिच्या कॅलिपरमध्ये आत एक स्क्रू आहे. हॅण्डब्रेक ओढला की तो जरासा फिरतो आणि दट्ट्याला पुढे सारतो. ओढलाच नाहीस तर तो जागच्या जागी गंजतो. म्हणून मी रोज निघताना, गाडी चालती असताना, दोनदा ओढून सोडायचो. फाटकापासून पत्रपेटीपर्यंत."

ते मी पंचवीस वर्षं शेजारच्या सीटवरून पाहिलं होतं. खट, खट. मला ती त्याची खोड वाटायची, घरातून निघताना खिसे चाचपण्यासारखी. मी, जी मुलांना सांगायची की जे दिसतं त्याचं कारण विचारा, तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"म्हणजे मी बिघडवला," मी म्हटलं.

"तू बिघडवलास," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता इतका खुशीतला होता. "आता ओढ. एकदम नको, दमाने."

मी पाईपवर भार टाकला. बोल्टाने आधी एक लहानसा, कोरडा आवाज केला, आणि मग सुटला. दुसऱ्याला मेणबत्ती लागली नाही. कॅलिपर तबकडीवरून ओढून काढला आणि मी तो वरच्या स्प्रिंगला तारेने टांगला.

"लोंबकळत ठेवलायस का?" विल्होने विचारलं. त्याला तिथून दिसत नव्हतं.

"तारेने बांधलाय. नळी रबराची आहे, वजन चार किलो."

"हं," तो म्हणाला. छत्तीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या पोरांना यापेक्षा मोठी शाबासकी मिळाल्याचं लायलने कधी सांगितलेलं नाही.

दुपारी आम्ही तिथेच बसून आदल्या दिवशी उरलेल्या पास्ट्या खाल्ल्या, मांस आणि रुताबागाचा कंद भरलेल्या, मोठ्या करंज्यांसारख्या, गार. संध्याकाळपर्यंत डावा कॅलिपरही निघाला. नळ्यांची तोंडं रबरी टोप्यांनी बंद केली. पेटीबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. रात्री त्याने लायलला फोन करून नको म्हणून सांगितलं, असंही झालं नाही. मी वाट पाहत होते.

शनिवारी सकाळी तो माझ्या आधी गॅरेजमध्ये होता. खुर्चीवर बसून त्याने दोन्ही डबे मांडीवर उघडले होते, एका हाताने, दातांची मदत घेऊन. रिकामे डबे, वरच्या चिठ्ठ्यांसकट, शेगडीत गेले होते. नवे कॅलिपर काळे, तेलकट, चकचकीत. एकाच मापाचे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे.

"हा उजवा," तो म्हणाला आणि एक माझ्या हातात दिला. मी उजव्या बाजूला बसवला. मग, "हा डावा." मी डाव्या बाजूला बसवला. नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वायसर घातले. हॅण्डब्रेकच्या केबली गंजून कडक झाल्या होत्या, त्या शेवटी जोडू असं ठरलं.

मग हवा काढायची होती. नळी उघडली की ब्रेकच्या तेलात हवा शिरते, आणि हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे हवा असेल तर पेडल नुसतं खाली जातं. हे दोन माणसांचं काम आहे. विल्हो ड्रायव्हरच्या जागी बसला. उजवा पाय भरवशाचा नाही म्हणून डावा पाय पेडलवर. मी चाकामागे पुठ्ठ्यावर आडवी, एका हातात पाना, दुसऱ्या हातात बाटली.

"दाब."

"दाबलं."

मी स्क्रू पाव फेरा सैल केला. पारदर्शक नळीतून तेल बाटलीत आलं, त्यात तीन-चार बुडबुडे. स्क्रू बंद केला.

"सोड."

"सोडलं."

पुन्हा. आणि पुन्हा. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आणि एकमेकांचं इतकं नेमकं ऐकलेलं मला आठवत नव्हतं. उजवं झालं, डावं केलं, मग परत उजवं. वर टाकीत दोनदा तेल भरलं.

"कसं आहे पेडल?" मी विचारलं.

"लोण्यात पाय घातल्यासारखं."

आणखी बारा वेळा. बाटलीत आता नुसतं स्वच्छ तेल येत होतं. पेडल तसंच. घड्याळात साडेबारा वाजले होते.

"मुख्य पंपच गेला असेल," विल्हो गाडीतून म्हणाला. मग थोडा थांबून, "किंवा मीच काहीतरी विसरतोय. राहू दे, मार्लीन. दोन वाजता लायल येतोय. पेटी चढवायच्या आधी तो बघेल."

तो मला नावाने हाक मारतो ते दवाखान्यात आणि दफनाच्या वेळी.

मी पुठ्ठ्यावर पडून वर पाहत होते, म्हणून मला ते दिसलं. हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या खालच्या कडेला होता. तेलाची पोकळी त्याच्या वर. हवा वर जाते. ती वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती आणि आम्ही तासभर खालून तेल काढत होतो. मी कोपरावर सरकत दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही स्क्रू खाली. दोन्ही कॅलिपर एकमेकांच्या जागी बसले होते. बोल्टांची भोकं दोन्हीकडे जुळतात, कळायची खूण एकच, स्क्रूची जागा.

हा उजवा, तो म्हणाला होता. मी वळवून पाहिलंही नव्हतं, कारण ते त्याने म्हटलं होतं.

मी गप्प पडून राहिले. सांगितलं असतं तर ती दाराची कडीच पुन्हा झाली असती. तो गाडीतून उतरला असता, पायऱ्या चढला असता आणि दोन वाजता पेटी गेली असती. मी अदलाबदल केली असं सांगितलं असतं तर त्याने डोळे मिटूनही ओळखलं असतं, खोटं मला जमत नाही. सोमवारचं जमलं ते त्याने ताटातून मान वर केली नाही म्हणून.

"काय दिसतंय ते सांग," विल्होचा आवाज आला. "तुझं मत नको. दिसतंय तेवढं."

हे मात्र मला जमतं.

"सुरुवातीला दोन्हीकडे तीन-चार बुडबुडे आले. गेल्या बारा वेळांत एकही नाही. तेल स्वच्छ आहे."

"गळती?"

"नाही. खालचा कागद कोरडा आहे."

"नळी फुगते का, मी दाबतो तेव्हा?"

"नाही."

तो गप्प झाला. वर्गात प्रश्न विचारल्यावर मी मनात दहापर्यंत मोजत असे. बहुतेक शिक्षक तीनवर उत्तर सांगून मोकळे होतात. चार ते आठच्या मध्ये मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुरू होतं, आणि ते सुरू होत असताना तोंड बंद ठेवणं, एवढंच मी एकतीस वर्षांत खऱ्या अर्थाने शिकले. मी मोजू लागले. विल्होचा चेहरा मला दिसत नव्हता. फक्त दाराच्या खाली लोंबणारा त्याचा उजवा पाय दिसत होता, तपकिरी मोजा आणि फितीचा बूट.

सहावर तो म्हणाला, "पंप गेला असता तर पेडल हळूहळू खाली गेलं असतं. हे तसं नाही. हे स्प्रिंगसारखं परत येतंय."

"हो."

"म्हणजे हवा आत आहे आणि स्क्रूपर्यंत येत नाहीये."

"हो."

"स्क्रू कुठे आहे?"

"खालच्या कडेला."

मी पुन्हा मोजायला लागले. चारवर सीट करकरली.

"उलटे बसलेत," विल्हो म्हणाला. "इकडचा तिकडे."

मी पाना पुठ्ठ्यावर ठेवला.

"मी दिले तुला."

"हो."

"उजवा म्हणून डावा दिला."

"हो. आणि मी न बघता बसवला. हवा वर जाते हे मी हजार मुलांना तरी शिकवलं असेल."

पाय हलला नाही. बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं.

"तुला केव्हा कळलं?"

"तुझ्या आधी."

"किती आधी?"

"चार-पाच मिनिटं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पोचतच होतास."

मग मला एक आवाज ऐकू आला आणि मला वाटलं तो रडतोय, म्हणून मी पुठ्ठ्यावरून धडपडत उठले. तो हसत होता. कपाळ स्टिअरिंगला टेकवून, आवाज न करता, खांदे हलवत.

"लायलने पहिल्या वर्षी शाळेच्या व्हॅनवर हेच केलं होतं," तो म्हणाला. "दोन दिवस हवा काढत बसला होता. मी त्याला महिनाभर बुडबुड्या म्हणायचो. सगळं गॅरेज म्हणायचं."

"तो स्वतःच्या लग्नाच्या जेवणातही रुसला होता त्यावरून."

"रुसणारच." त्याने डोळे पुसले. "पण बघ, मार्लीन, मला आज ते दिसलं नाही. नुसतं ऐकून कळलं."

"हो."

"डावं-उजवं गेलंय ते गेलंय."

"ते गेलंय," मी म्हटलं. "मग ते शब्द वापरू नकोस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून बाहेर पाहिलं. गॅरेजच्या एका अंगाला हिवाळ्यातून उरलेल्या लाकडांचा ढीग आहे, दुसऱ्या अंगाला सॉनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाची, खोली.

"लाकडांची बाजू," तो म्हणाला. "आणि सॉनाची बाजू."

"गाडी कायम याच तोंडाने आत घ्यायची."

"कायम. खडू आण."

मी खडूने दोन्ही कॅलिपरांवर खुणा केल्या, एकावर ओंडका, एकावर वाफ. वाफ कशी काढायची यावर आमचं थोडं बिनसलं. मग तो म्हणाला, "नळ्या पुन्हा उघडल्या की वायसर बदलावे लागतील. नवे संपले. आठवा खण, मागे, तंबाखूचा डबा." डब्यात तांब्याचे वायसर होते, मापाप्रमाणे दोऱ्यात ओवलेले. चार आमच्या मापाचे निघाले.

लाकडांच्या बाजूचा बसवून झाला होता आणि सॉनाच्या बाजूचा शेवटचा बोल्ट मी आवळत होते, तेव्हा लायलचा ट्रक आला. तो वेळेवर येतो, तसं त्याला शिकवलेलं आहे. पंचावन्नचा धिप्पाड माणूस. त्याने एका हातावर जुनी रजई घेतली होती आणि खांद्यावर पट्टे, पेटीला चरे पडू नयेत म्हणून. तो दारातच थांबला.

"बाई, तुम्ही खाली काय करताय?"

"कॅलिपर बदलतेय, लायल."

"उस्ताद, बाईंना खाली झोपवून तुम्ही खुर्चीत?"

"ती रजई ठेव कुठेतरी आणि आत बस," विल्हो म्हणाला. "पेडल दाब. माझा पाय दमलाय."

"काय झालं होतं?"

मला वाटलं विल्हो टाळेल. "उलटे बसवले होते," तो म्हणाला. "मी दिले, बाईंनी बसवले. एक तास हवा काढत होतो."

लायल स्टिअरिंगमागे बसला, सीट मागे सरकवली आणि समोर काचेकडे पाहत म्हणाला, "मग आता तुम्हाला काय म्हणायचं, उस्ताद?"

"पेडल दाब."

"नाही, नुसतं विचारतोय. महिनाभर तरी म्हणावं लागेल."

"म्हण. दाब आता."

मी पुठ्ठ्यावर आडवी व्हायला लागले, तर विल्होने पाना माझ्या हातातून काढून घेतला. खुर्ची सोडून तो जमिनीवर बसला. कसा बसला ते मी सांगणार नाही, वेळ लागला आणि मी मदत केली नाही. डाव्या हातात पाना, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मी बाटली धरली. स्क्रू आता वरच्या कडेला होता, जिथे हवा होती.

"दाब."

"दाबलं."

त्याने स्क्रू सैल केला. नळीत आधी तेल आलंच नाही, नुसता फेस आला, मग बोराएवढा एक बुडबुडा, आणि त्याच्यामागे माळेसारखे लहान. दुसऱ्यांदा कमी. पाचव्यांदा एकही नाही. मग सॉनाच्या बाजूला तेच.

"पेडल?" विल्होने विचारलं.

लायलने दोनदा दाबून पाहिलं. "दगड," तो म्हणाला.

केबली जोडायला तिघांना अर्धा तास लागला. चाकं चढवली, गाडी खाली उतरवली. मी ती रस्त्यावर दुकानापर्यंत नेऊन आणली आणि तापमापक लावला. लाकडांची बाजू साठ, सॉनाची बाजू एकसष्ट. मी आकडे सांगितले तेव्हा दोघांनीही मान हलवली, जणू काही त्यांना ते आधीच माहीत होतं.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. रजई बाकावर पडली होती. लायल एकदा तिच्याकडे, एकदा पेटीकडे पाहायचा आणि मग हात पुसत राहायचा. विल्होने वापरलेली हत्यारं एकेक करून उचलली, चिंधीने पुसली आणि खणांत ठेवली. एका हाताने पुसायला त्याला पाना छातीशी दाबून धरावा लागतो. सॉकेट चौथ्या खणात, आपापल्या गोल खुणांवर. ठोकून बसवलेला सॉकेट बोल्टावरून निघत नव्हता, तो तसाच बोल्टासकट ठेवला. तंबाखूचा डबा आठव्यात. लायल आणि मी उभे होतो, मदतीला कोणी पुढे झालं नाही.

शेवटचा खण बंद करून विल्हो पेटीला टेकून उभा राहिला.

"लायल," तो म्हणाला, "बाईंना अजून पुढच्या चाकांचं काम शिकायचं आहे."

"बरं."

"पुढची वेगळी असतात. दट्ट्या फिरवायचा नाही, नुसता दाबायचा."

"मला माहीत आहे, उस्ताद."

"तुला माहीत आहे. तिला नाही." त्याने रजईकडे पाहिलं. "तुला उगाच फेरी पडली."

लायलने रजईची नीट घडी घातली. "बरंच झालं," तो म्हणाला. "माझ्या शेडमध्ये या पेटीला जागाच नव्हती. बायकोला अजून सांगितलंही नव्हतं."

"मग हो कशाला म्हणालास?"

"तुम्ही फोन केलात," लायल म्हणाला. "तुम्ही कधी फोन करता?"

शनिवार होता, सॉना पेटवायची वेळ झाली होती. विल्होने लाकडांच्या ढिगाकडे हात केला आणि लायलला सांगितलं की थांबायचं असेल तर दोन हातांनी उचलून आण, आणि सुकी बघून आण. लायल पट्टे दारामागच्या खिळ्याला टांगून लाकडं आणायला गेला. मी जमिनीवरचा पुठ्ठा गुंडाळला. पुढच्या वेळेसाठी तो पेटीच्या मागे उभा केला आणि कॉफी टाकायला वर गेले.